दालमिलमधला घुमणारा आवाज नेमका कुठून येतोय?

कळमनाकर
नमस्कार मंडळी. नागपुरात कळमन्याकडच्या एका दालमिलमध्ये मी देखभालीचं काम पाहतो. तूर आणि हरभरा, दोन्हीची डाळ होते. दिवाळीनंतर मिलमध्ये एक नवा आवाज सुरू झाला आहे. घूंऽऽ असा, एकसुरी, पोटात जाणवणारा. आत रोल आणि चाळण्यांच्या खडखडाटात तो वेगळा कळत नाही. पण मिलच्या मागे एक घर आहे, तिथल्या आजी म्हणतात की देवघराच्या कपाटाची काच दिवसभर थरथरते. मी स्वतः जाऊन पाहिलं. काचेवर बोट टेकवलं की बोटाला मुंग्या येतात, बोट काढलं की काच पुन्हा बोलायला लागते.

मालकांनी ब्लोअर, म्हणजे मिलमधला हवेचा मोठा पंखा, पुरवणाऱ्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं उभं राहून ऐकलं आणि ब्लोअर बदलायचं कोटेशन पाठवलं. रक्कम मोठी आहे. बदलूनही काच थरथरतच राहिली तर मालकांना काय सांगू?

मोबाइलवर डेसिबलचं ॲप टाकून मोजलं. रोलजवळ सगळं चालू असताना ९३, फक्त ब्लोअर बंद केला तर ९२.५. मग ब्लोअरचा आवाज अर्ध्या डेसिबलचाच समजायचा का? तसं असेल तर काच कशाने हलते?

आणखी एक गोष्ट आहे, तीच मला जास्त लागून राहिली आहे. रोलवर जे काका १७ वर्षं उभे आहेत त्यांना आता मागून हाक मारली तर ऐकू येत नाही. आजींच्या काचेमुळे हा विषय निघालाच आहे, तर आवाजाचा पूर्ण छडा लावायचा असं ठरवलं आहे. कुठून सुरुवात करू?

जुना फिटर
भाऊ, कोटेशनवर सही होऊ देऊ नका अजून. आधी एक काम करा. मिल रिकामी असताना, जेवणाच्या सुट्टीत, एकेक मशीन एकटं चालवून पाहा. सगळं चालू ठेवून एक बंद करण्यापेक्षा सगळं बंद ठेवून एकच चालू केलं तं कानाला लवकर समजते.

मंग ज्या मशीनवर संशय येईल तिचा स्विच बंद करून कान देऊन उभे राहा. स्विच पडल्याबरोबर, मोटर फिरत असतानाच आवाज गपकन गेला तर तो विजेचा, म्हणजे मोटरच्या आतला. फिरणं मंदावत जाते तसा आवाजही उतरत गेला तर तो बेअरिंग, पट्टा, गिअर किंवा पंख्याचा. हिंगण्याच्या कारखान्यात मी हेच करत आलो, कोणतं मीटर नव्हतं तेव्हा.

लांब दांड्याचा पेचकस बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की आतलं सगळं ऐकू येते. कोरडं बेअरिंग चरचरते, गोळीला खड्डा पडला असला तं टकटक येते. पण पट्टा आणि पुलीपासून दूर, बाह्या गुंडाळून आणि गळ्यात दुपट्टा नसताना. हे विसरू नका.

अनुनाद
मी मूळची धरमपेठेतली, आता पुण्यात यंत्रांचा आवाज मोजायचं काम करते. फिटरकाकांनी सांगितलेलं सगळं खरं आहे आणि आम्हीही सुरुवात तिथूनच करतो. पेचकस म्हणजे तुमचा स्टेथोस्कोपच. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली, ती कल्पना हीच.

कळमनाकर दादा, तुमच्या अर्ध्या डेसिबलबद्दल. डेसिबल सरळ वजा होत नाहीत. ९० ची दोन मशीन शेजारी चालली तर १८० नाही, ९३ होतात. उलट्या बाजूने गणित केलं तर ९३ मधून ९२.५ काढल्यावर ब्लोअर एकटा ८३ च्या थोडा वर येतो. पण या उत्तरावर विसंबू नका. तुमचं ॲप अर्ध्या डेसिबलने जरी चुकलं तरी उत्तर ८६ येईल, नाहीतर काहीच उरणार नाही. चालू आणि बंद यांत निदान ३ डेसिबलचा फरक नसेल तर वजाबाकी करूच नये. एकच मशीन चालवून मोजा हे फिटरकाका म्हणतात त्याचं कारण तेच.

दुसरं, ॲपमध्ये बहुतेक ए-भारित आकडा दिसतो. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून त्या मापात खालचे सूर मुद्दाम कमी धरले जातात. १०० हर्ट्झला जवळपास १९ डेसिबल कापले जातात, २०० ला ११. काचेला हा हिशोब माहीत नाही. तुमच्या ९३ मध्ये तो घूं दिसत नाही त्याचं अर्धं कारण हे.

तेव्हा डेसिबल जरा बाजूला ठेवा आणि सूर शोधा. मोबाइलचा माइक आवाज किती हे नीट सांगत नाही, पण कोणता सूर आहे ते चांगलं सांगतो. वर्णपट, म्हणजे कोणता सूर किती मोठा त्याचा आलेख, दाखवणारं फुकट ॲप घ्या. त्यात एफएफटीची (आवाजातले सूर वेगळे करणाऱ्या गणिताची) लांबी ४०९६ असेल तर दोन सुरांमधलं अंतर जवळपास ११ हर्ट्झचं पडतं, तेवढ्याने काम होणार नाही. ६५५३६ निवडा, एका हर्ट्झच्या आतला फरक कळेल. आजींच्या खिडकीत मोबाइल ठेवा आणि सर्वांत उंच टोक कोणत्या आकड्यावर येतं ते सांगा. सोबत मोटरचे फेरे, पुल्यांचे माप, पंख्याची पाती, गिअरचे दात, जे काही मोजता येईल ते सगळं द्या.

वाळ्याची ताटी
धागा वाचून राहिलो आहे. आमच्या कुलरचाही असाच घूं येतो, विषय सोडून विचारतो म्हणून माफ करा.

अनुनाद
स्विच बंद केल्यावर लगेच गेला तर तो १०० हर्ट्झचा, आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या दुप्पट. मोटर धरून ठेवणारे पट्टे ढिले असतील, आवळा आणि स्टँडच्या पायाखाली रबर द्या. हळूहळू उतरला तर पंख्याचं पातं वाकलं आहे का पाहा.

कळमनाकर
काल जेवणाच्या सुट्टीत सगळं केलं. आजींनी खिडकीत मोबाइल ठेवू दिला, वर चहाही दिला.

सगळं चालू असताना टोक २१९ हर्ट्झवर. फक्त ब्लोअर चालू ठेवला तरी टोक तिथेच आणि तेवढंच उंच. ब्लोअर बंद करून बाकी सगळं चालवलं तर टोक गायब, काच गप्प.

माप असे. ब्लोअरची मोटर १४४० फेऱ्यांची, मोटरवरची पुली ९ इंची, ब्लोअरवरची ६ इंची. पंख्याला ६ पाती. एलिवेटरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला पिनिअन, म्हणजे लहान दातेरी चाक, १७ दातांचा. ब्लोअरच्या बेअरिंगचा नंबर पुसला गेला आहे. रोलच्या एका लहान मोटरला मात्र ६२०५ नंबरचं बेअरिंग आहे, ब्लोअरचं त्याहून मोठं आहे.

मी हिशोब केला तर ब्लोअर मिनिटाला २१६० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६, गुणिले ६ पाती म्हणजे २१६. पण आला २१९. तीन हर्ट्झचा फरक कशाचा?

फिटरकाका, स्विच बंद करूनही ऐकलं. आवाज उतरत गेला. पण एक विचित्र गोष्ट झाली. बंद केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि मग उतरला.

अनुनाद
वा, एवढ्या काळजीने फार कमी लोक मोजतात.

तीन हर्ट्झचं कोडं सोपं आहे. १४४० हा पूर्ण भारावरचा वेग. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र १५०० ने फिरतं, भार कमी असेल तर मोटर त्याच्या जवळ सरकते. तुमची मोटर १४६० ने फिरत असणार. १४६० गुणिले दीड म्हणजे २१९०, त्याला ६० ने भागा आणि ६ ने गुणा. बरोबर २१९. फेरे मोजणारा टॅकोमीटर मिळाला तर लावून पाहा. गिअरच्या दातांचा सूर ४०० च्या वर येतो आणि ६२०५ मध्ये ९ गोळ्या, बाहेरच्या कडीवर दोष असता तर फेऱ्यांच्या साधारण ३.५८ पट, म्हणजे ८६-८७ च्या आसपास टोक दिसलं असतं. ते दोघेही सुटले.

म्हणजे सूर ब्लोअरच्या पात्यांचा आहे. पण थांबा, ब्लोअर बदलायचं कोटेशन अजूनही बरोबर ठरत नाही. आवाज जन्मतो ती जागा आणि आवाज हवेत सुटतो ती जागा, या दोन वेगळ्या असू शकतात. सतारीची तार छेडली तरी आवाज भोपळ्यातून येतो. तुमच्याकडचा भोपळा कोणता ते शोधायचं आहे. स्विच बंद केल्यावर आवाज वाढला, हा त्याचाच सुगावा. वेग उतरताना सूर २१९ च्या खाली सरकला आणि वाटेत कुठल्यातरी भागाचा स्वतःचा सूर त्याला लागला. तो भाग थरारला. मोठा सपाट पत्रा असावा असं वाटतं.

आमच्याकडे हे काम ध्वनितीव्रतेच्या प्रोबने होतं. दोन माइक समोरासमोर, मध्ये १२ मिलिमीटरचा तुकडा. दोन्हींच्या दाबातल्या फरकावरून हवेचे कण कोणत्या दिशेने हलतात ते कळतं, म्हणून नुसता आवाज किती एवढंच न कळता ऊर्जा कोणत्या बाजूला वाहते तेही कळतं. इतक्या खालच्या सुराला मधला तुकडा ५० मिलिमीटरचा लागतो. प्रोब पत्र्यासमोर आडवा धरून सरकवत नेला की पडद्यावरचा आकडा एका जागी अधिकचा उणे होतो. तो जिथे पालटतो, उगम बरोबर त्या रेषेत काटकोनात असतो. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा आकडा पालटला त्या जागी बोट ठेवलं आणि बोटाखाली एक ढिला नट सापडला. आयएसओ ९६१४ या मानकात याची पद्धत दिली आहे आणि तिचा मोठा फायदा असा की शेजारची मशीनं सुरू असली तरी त्यांचा एकसारखा आवाज वजा होऊन जातो.

तुमच्याकडे प्रोब नाही, पण पोती आहेत. ब्लोअर एकटा चालू ठेवा आणि डक्टच्या ज्या पत्र्यावर संशय आहे त्याला चुनीची भरलेली पोती टेकवा. एकेका पत्र्याला वेगळी. जिथे पोतं लागल्यावर खिडकीतलं टोक बसेल तो तुमचा भोपळा.

बुटीबोरीकर
आमच्या कारखान्यात एक जण ध्वनी-कॅमेरा घेऊन आला होता. चकतीवर कितीतरी माइक आणि मध्ये कॅमेरा. पडद्यावर मशीनचं चित्र आणि आवाज येतो तिथे लाल डाग. दिसायला फार सुरेख. हवेच्या पाइपची गळती त्याने दोन मिनिटांत दाखवली. पण कॉम्प्रेसरचा घूं शोधायला लावला तर अख्खी भिंत लाल झाली. एकदा तर लाल डाग समोरच्या काचेवर आला, तिथे काहीच नव्हतं. मालक म्हणाले यंत्र बिघडलं आहे. बिघडलं होतं का?

अनुनाद
यंत्र ठीक होतं दादा. प्रत्येक माइकपर्यंत आवाज पोचायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून तो कॅमेरा दिशा काढतो. डाग किती बारीक होईल हे तरंगाची लांबी, अंतर आणि चकतीचा व्यास यांवर ठरतं. २० अंशाला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशाला, ३५७ च्या पुढे. म्हणजे २१९ हर्ट्झचा एक तरंग दीड-पावणेदोन मीटर लांब. मीटरभराच्या चकतीने तीन मीटरवरून पाहिलं तर डाग जवळपास पाच मीटरचा, म्हणून अख्खी भिंत. तोच कॅमेरा ५००० हर्ट्झच्या शिटीला २०-२२ सेंटिमीटरवर आणतो, आणि गळती तर त्याहून वरच्या सुरात बोलते. काचेवरचा डाग म्हणजे परावर्तन, आरशात दिवा दिसावा तसं.

खालच्या सुरांसाठी पत्र्याच्या अगदी जवळ माइकांची जाळी धरून करायची एक पद्धत आहे, निकटक्षेत्र ध्वनी होलोग्राफी. मेनार्ड, विल्यम्स आणि ली यांचा त्यावरचा शोधनिबंध १९८५ चा. पण दालमिलला त्याची गरज नाही.

इतवारीचा
मोबाइलमध्ये कंपन मोजायचं ॲपही असते ना? डक्टवर मोबाइल चिकटवून पाहता येईल.

अनुनाद
या कामाला नको. फोनमधला कंपनमापक साधारण सेकंदाला काहीशेच नमुने घेतो. २१९ हर्ट्झ पकडायला निदान ४३८ च्या वर लागतात, नाहीतर भलत्याच जागी खोटं टोक दिसतं.

जुना फिटर
एक गोष्ट कोणी विचारली नाही. आवाज दिवाळीनंतर सुरू झाला म्हणता. दिवाळीच्या सुट्टीत मिलमध्ये काय काम काढलं होतं?

कळमनाकर
काका, तुमचा प्रश्न वाचून मी रात्री साडेनऊला मिलमध्ये जाऊन आलो.

ब्लोअर आणि डक्ट यांच्या मध्ये कॅनव्हासची बाही होती. ती फाटून धूळ उडत होती. सुट्टीत वेल्डरने तिच्या जागी पत्र्याची कॉलर ठोकून दिली, पक्कं काम म्हणून. मी स्वतः त्याला शाबासकी दिली होती.

आज दुपारी पोती लावली. हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनकडे जाणाऱ्या डक्टला मागच्या भिंतीजवळ एक सपाट पॅनल आहे, चार फूट बाय तीन. त्याला दोन पोती टेकवली तशी आजींनी खिडकीतूनच हात केला. टोक ९ डेसिबलने खाली. बाकी पत्र्यांना पोती लावून काही फरक नाही. पेचकस कॉलरच्या दोन्ही बाजूंना टेकवून ऐकला, ब्लोअरकडे जेवढा आवाज तेवढाच डक्टकडे.

जुना फिटर
मंग सापडलं. पूर्वी थरथर कॅनव्हासवर थांबत होती, आता पत्र्यातून थेट मागच्या पॅनलपर्यंत जाते. कॉलर कापा आणि चार-पाच इंच मोकळी जागा सोडून जाड कॅनव्हास बसवा. ताठ ओढू नका, थोडा झोल राहू द्या, नाहीतर काही उपयोग नाही.

अनुनाद
आणि कॅनव्हासवरून दोन्ही पत्र्यांना जोडणारी तांब्याची तार नक्की टाका, अर्थिंग तुटू देऊ नका. डाळीची धूळ पेट घेते, स्थिर विजेची ठिणगी नको.

एक शंका मात्र ठेवा. पात्यांचा सूर डक्टमधल्या हवेतूनही जातो आणि कॅनव्हास त्याला अडवत नाही. कॅनव्हास लावल्यावर टोक किती उतरतं त्यावरून पत्र्यातून किती जात होतं आणि हवेतून किती, ते कळेल. उरलं तर पॅनलला आतून आडवी पट्टी मारा.

कळमनाकर
रविवारी कॅनव्हास बसवला. तीच खिडकी, तोच मोबाइल, तीच जागा, फक्त ब्लोअर चालू. टोक १४ डेसिबलने खाली आलं. आजींनी कपाटाच्या काचेला माझंच बोट लावून दाखवलं, काही नाही. पट्टीची गरज पडली नाही. कोटेशन मालकांनी परत पाठवलं.

आता दुसरं. रोलजवळ ॲपवर अजूनही ९३ च. काहीच उतरलं नाही.

अनुनाद
उतरणार नव्हतंच. तो घूं ए-भारित मापात मुळातच कमी धरला जात होता आणि रोलजवळ त्याहून मोठं कोणीतरी बोलत आहे. तुमच्या काकांचे कान त्या दुसऱ्याने नेले आहेत.

कारखान्यात ८ तासांसाठी मर्यादा ९० ची आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ ला ४ तास, १०० ला २. ९३ खरा असेल तर साधारण सव्वापाच तास. काका किती वेळ उभे असतात? मोबाइलच्या आकड्यावर हे ठरवू नका. आवाज मोजायचं क्लास २ चं मीटर भाड्याने आणा आणि मोजण्याआधी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासा. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, तो कळवावा लागतो. मालकांना हे शांतपणे सांगा.

मोजताना रोल एकदा रिकामा चालवा, एकदा दाणा टाकून.

कळमनाकर
काका पूर्ण पाळी उभे असतात, आठ तास.

मीटर आणलं. रोल रिकामा, दोन मिनिटं, ८५. तूर सोडली की ९३. मोबाइल त्या जागी तरी खरं बोलत होता. तुमच्या पद्धतीने वजाबाकी केली तर दाण्याचा आवाज एकटाच ९२ च्या वर येतो. म्हणजे मशीनपेक्षा दाणाच जास्त बोलतो. वर्णपटात टोक नाही, २००० ते ४००० हर्ट्झच्या मध्ये रुंद टेकडी आहे. मीटर हातात घेऊन रोलभोवती फिरलो. सर्वांत जास्त आकडा रोलजवळ नाही, खालच्या चुटच्या, म्हणजे दाणा घसरत खाली येतो त्या पन्हळीच्या, वळणावर येतो. तिथे दाणा उघड्या पत्र्यावर पडतो. वळणावर गोणपाट दाबून धरलं तर आकडा तिथल्या तिथे ४ ने उतरला.

जुना फिटर
चुटमध्ये आतून रबर लावा, धान्याला चालणारं घ्या, वास येणारं नको. पातळ घेऊ नका, महिन्यात फाटते. आणि दाणा पडायची उंची कमी करता आली तर करा, मध्ये एक टप्पा द्या म्हणजे दाणा दाण्यावर पडेल.

कळमनाकर
टप्प्याचं मोजमाप आजच घेतलं, वळणाच्या वर सहा इंच जागा आहे. रबर शनिवारी येते, रविवारी चुट उघडतो. काकांसाठी कानावर लावायचे मफ आणले. पहिल्या दिवशी त्यांनी काढून ठेवले, म्हणाले रोल कसा चालून राहिला ते समजत नाही. मग त्यांना पेचकस दिला आणि बेअरिंगवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायला सांगितली. बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, डावीकडचं कोरडं होत आलं आहे, ग्रीस द्या.

खोलून पाहिलं तर खरंच ग्रीस सुकलं होतं. त्यांची कानाची तपासणी शुक्रवारी आहे, मेडिकल कॉलेजला. मी सोबत जाणार आहे.